बळीराम निखारे यांचा तिसरा रकाना

नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. कीर्तन दुसरे, स्मरण तिसरे. आधी ऐकावे लागते, मग गाता येते, मग आठवता येते. ज्याने ऐकलेच नाही त्याने गावे काय आणि आठवावे तरी काय? नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बळीराम निखारे यांनी ही पहिली पायरी इंजिनापाशी धरली होती, आणि तेवीस वर्षे धरली होती. तीच पायरी पायाखालून सरकू लागली तेव्हा त्यांनी काय केले, त्याची ही कथा.

हिंगण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसे ज्या बसगाड्यांतून ये-जा करतात, त्यांतल्या चाळीस गाड्या एका खाजगी वाहतूकदाराच्या. त्यांच्या वर्कशॉपमध्ये बळीराम हे मिस्त्री. वय शेहेचाळीस, बांधा आटोपशीर, कपाळी बुक्क्याचा ठिपका आणि वरच्या खिशात स्क्रू पिळायचा वीतभर लांबीचा पेचकस. गाडी समोर आली की ते आधी इंजिनाला हात लावीत आणि तो हात कपाळाला नेत. यंत्रातही नारायण नांदतो ही त्यांची साधी, सरळ, कधी न बोललेली श्रद्धा. मग चालू इंजिनाच्या अंगावर पेचकसाचे टोक टेकवीत, लाकडी मूठ कानाशी धरीत आणि डोळे मिटीत. आजूबाजूचे पाने-हातोडे आपोआप थांबत. डोळे उघडले की निवाडा होई. "तिसऱ्या नंबरचं इंजेक्टर." "काही नाई, माउंटिंग ढिलं आहे, कसून टाक." खोलून पाहावे तर तेच निघे.

हा कान त्यांना बापाच्या घरातून मिळाला होता. वडील कोष्टी. हातमागावर पातळे विणीत आणि गांधीबागेत नेऊन देत. धोटा इकडून तिकडे धावत असताना एखादे सूत तुटले तर मागाच्या आवाजात तीळभर फरक पडे, आणि पाठमोरा बसून अभ्यास करणारा बळीराम मान न वळवता सांगे, "बाबा, सूत तुटलं." बाप माग थांबवी, पाही, आणि सूत तुटलेले असे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मालकांनी बळीरामांना आपल्या खोलीत बोलावले. कारखान्यांनी नवी अट घातली होती. तीन वर्षांनी येणाऱ्या एक जुलैपासून गाडी रस्त्यावर सोडण्याच्या तपासणी-पत्रकावर वाहनदुरुस्तीतली पदवी असलेल्या माणसाचीच सही चालणार होती.

"बळीरामभाऊ, मले तुमच्याशिवाय दुसऱ्याची सही नको," मालक म्हणाले. "पण कागद आणा. तुमची बारावी झाली आहे. सामुदायिक महाविद्यालयात संध्याकाळी वाहन देखभाल-दुरुस्तीचे वर्ग चालतात. तीन वर्षांची पदवी."

"आणि नाई जमलं तं?"

"तं धुलाई अन् ग्रीसिंगकडे पाहा. काढणार नाई मी तुमाले. पण सही दुसऱ्याची."

बळीरामांनी त्याच आठवड्यात नाव घातले. घरच्यांना वाटले, सहीसाठी. मालकांना वाटले, मानासाठी. ते खरेही होते. परंतु विहिरीच्या पाण्याखाली जसा झरा असतो, तसे त्या कारणाखाली दुसरे एक कारण होते, आणि ते त्यांनी कोणापाशी उच्चारले नव्हते.

मोहल्ल्यातल्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजन होई. बळीराम वीस वर्षांपासून झांज वाजवीत आणि त्यांचा मित्र गोविंदा मृदंगावर बसे. हाच गोविंदा दिवसा हिंगण्याची बस चालवी. पदवीला नाव घालण्याच्या दोन महिने आधीच्या एकादशीला आरती झाली, प्रसाद वाटला, आणि गोविंदा मृदंगाला गवसणी घालता घालता म्हणाला, "काहून गा बळीराम, आज तुझी झांज मागं मागं चालून राहिली होती? घोड्याच्या मागून बैलगाडी आल्यावानी."

सगळे हसले. बळीरामही हसले. झांजेवर झांज पडत होती हे त्यांना दिसत होते, पितळ थरथरताना हाताला कळत होते. त्या नादाचा जो बारीक, लखलखता शेवट असतो, जो देवळाच्या घुमटापर्यंत जाऊन येतो, तो मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. मग घरी एके दिवशी त्यांची लेक मिनल अंगणातून धावत आत आली. "बाबा, चार शिट्ट्या झाल्या कुकरच्या. तुम्ही बाजूलेच बसले आहा नं?" बळीराम म्हणाले, "माझं ध्यान नव्हतं बेटा." ध्यान होते. शिट्टी नव्हती.

वीस वर्षे डिझेल इंजिनांच्या उशाशी बसून ऐकण्याचे हे फळ होते. खालचे, जाडे, घुमणारे आवाज शाबूत होते आणि वरचे एकेक करून निघून चालले होते, दिवाळी संपल्यावर पणत्या विझाव्यात तसे. म्हणून त्यांनी मनाशी हिशेब बांधला: पदवीच्या वर्गात मीटर शिकवतात. दाबाचा आकडा येतो, विजेचा आकडा येतो, उष्णतेचा आकडा येतो. आकड्याला कान लागत नाही. कान पूर्ण जाण्याआधी हातात आकडा यावा, एवढीच त्यांची धाव होती. देवापुढे उभे राहून ते रोज एकच मागत, तीन वर्षे पुरेल एवढे ऐकू येऊ दे.

वर्गात विशी-बाविशीची मुले आणि मुली, त्यांच्यात हे एकटे पिकल्या मिशीचे. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्यांचे नाव काकाजी ठेवले. शिकवायला दीक्षा रामटेके मॅडम होत्या. नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या, वय तिशीचे, वडील रेल्वेत फिटर. मॅडमांचे सूत्र एकच: आधी नोंद, मग निदान, मग दुरुस्ती. त्यासाठी प्रत्येक कामाला एक जॉब कार्ड आणि कार्डावर पाच रकाने. पहिल्यात गाडीची माहिती, दुसऱ्यात तक्रार, तिसऱ्यात स्वतः पाहिलेले-ऐकलेले, चौथ्यात निदान, पाचव्यात उपाय. "तिसरा रकाना म्हणजे साक्ष," मॅडम म्हणत. "तिथं ऐकीव चालत नाही."

बळीराम पहिल्या बाकावर बसत, डावीकडे, कारण उजवा कान थोडा बरा होता. मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलू लागल्या की त्यांचे अर्धे शब्द हरवत. मग ते घरी जाऊन पुस्तकात ते शब्द शोधीत. नकळत ते माणसांचे ओठ वाचायला शिकले. मोजमापात ते वर्गात पुढे राहिले, लेखी परीक्षांत मधोमध राहिले, आणि कानाची कीर्ती तर आधीच येऊन बसली होती. वर्गातला पियुष नावाचा मुलगा म्हणे, "काकाजीचा कान म्हणजे हायकोर्ट. वर अपील नाई."

ती कीर्तीच त्यांना नडली.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये सरावाचे प्रात्यक्षिक होते. चौघांचा गट, एक डिझेल इंजिन, पुढच्या बाजूने येणारा एक आवाज. पियुष आणि बाकीचे दोघे इंजिन सुरू करून बाजूला झाले. "काकाजी, लावा कान."

त्या क्षणी बळीराम म्हणू शकले असते की मला नीट कळत नाही. पण तेवीस वर्षांचा मान मानेवर बसला होता, आणि मान वाकत नव्हती. त्यांनी पेचकस टेकवला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. आतून फक्त जाडी गुरगुर आली. जी बारीक किरकिर ऐकायची होती तिला त्यांच्या कानात दारच उरले नव्हते. त्यांनी डोळे उघडले आणि अंदाजाने निवाडा दिला. "वॉटर पंप."

कोणी काही तपासले नाही. हायकोर्टाने सांगितल्यावर कोण तपासतो? चौघांनी चार कार्डांवर चौथ्या रकान्यात 'वॉटर पंप' लिहिले आणि तिसऱ्यात 'वॉटर पंपातून आवाज ऐकू आला' असे लिहिले. पाणी काढले, पंप खोलला. पंपाचे बेअरिंग लोण्यासारखे मऊ फिरत होते. दोष वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये होता, हातभर पलीकडे.

मॅडमांनी चारही कार्डे टेबलावर ओळीने ठेवली. "चौघांनी लिहिलं, आवाज ऐकला. ऐकला कोणी?"

पियुष उभा राहिला. "काकाजीनं ऐकला, मॅडम. आम्ही काकाजीले ऐकलं."

वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत. चारही कार्डांच्या तिसऱ्या रकान्यात त्यांनी लाल शून्य काढले. वर्ग सुटल्यावर त्यांनी बळीरामांना थांबवले आणि अगदी समोर येऊन हळूच विचारले, "काकाजी, कानाचं काही होऊन राहिलं का?"

"नाई मॅडम. सर्दी आहे."

आयुष्यात हरिनामाशिवाय फारसे काही न बोललेल्या जिभेवरून हे खोटे इतक्या सहज घरंगळले की त्यांचे त्यांनाच भय वाटले. मोटारसायकलवरून सक्करदऱ्याला येताना त्यांना एकच गोष्ट दिसत होती. तो पंप कॉलेजच्या शेडमधला होता. तो बसचा असता तर? हिंगण्याच्या गाडीत बावन्न माणसे बसतात. तपासणी-पत्रकावर सही असती बळीराम निखारे यांची, आणि बावन्न जणांनीही ऐकले असते ते बळीराम निखारे यांनाच.

त्या दिवसापासून त्यांचा घास गोड लागेना. वर्कशॉपमध्ये ते एकेक गाडी तीनतीनदा पाहू लागले. सोडलेली गाडी फाटकातून परत बोलावू लागले. गोविंदाने एकदा गाडीच्या खिडकीतून डोके काढून विचारलेही, "का गा, माझी बस तुले सोडवत नाई का? लगन लावून देऊ का तुमचं?" बळीरामांनी ओठ वाचले, विनोद समजला, पण हसू आले नाही. त्यांच्या मनाच्या तराजूत दोन भये समोरासमोर बसली होती. एका पारड्यात, कान गेल्याचे कळले तर पदवी जाईल, सही जाईल, तेवीस वर्षांचे नाव धुलाईच्या पाण्यात वाहून जाईल. दुसऱ्या पारड्यात, कळले नाही तर एखाद दिवशी माणसे जातील. तराजू स्थिर होत नव्हता, आणि परीक्षा जवळ येत होती.

मे महिन्यातली शेवटची परीक्षा, प्रात्यक्षिकाची. सकाळी आठलाच ऊन भिंतींवरून उतरून अंगणात बसले होते. बळीरामांच्या पत्नी शोभाताई डबा भरत होत्या. त्यांनी दुपट्टा काढून दिला आणि ऊन लागू नये म्हणून एक पांढरा कांदा यजमानांच्या खिशात घातला. मग त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सांगून टाका तिथं," त्या म्हणाल्या.

"काय सांगून टाकू?"

"दीड वर्ष झालं, तुमच्या समोर आल्याशिवाय मी तोंड उघडत नाई. तुमाले काय वाटलं, मले तुमचं तोंड पाहायची हौस आली?"

बळीराम बुटाची नाडी हातात धरून तसेच राहिले. "तुले माहीत होतं?"

"मिनललेबी माहीत आहे. तुम्ही लपवून राहिले म्हणून आम्हीबी लपवून राहिलो."

दीड वर्ष. दीड वर्ष ही बाई चुलीपासून उठून, हातातले काम टाकून, दर वेळी समोर येऊन बोलत होती, आणि यांना वाटत होते की आपले गुपित अजून आपलेच आहे. बळीरामांचे डोळे भरले, पण ते म्हणाले, "सांगितलं तं नापास करतीन. ज्याले ऐकू येत नाई त्याले गाडी पास करायचा कागद कोण देईन?"

"आणि नाई सांगितलं तं?"

बळीरामांनी नाडी बांधली, देवाला हात जोडले आणि निघाले.

कॉलेजच्या मागे पत्र्याचे शेड. दोन्ही टोकांना दोन मोठे कूलर, विमानतळावर उभे आहोत असे वाटावे अशा आवाजात घोंघावत होते. शेडच्या मध्यभागी टेबल आणि टेबलामागे बाहेरगावाहून आलेले परीक्षक. पांढरी दाट मिशी, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरलेला, आणि बोलताना ओठ जेमतेम हलत. बळीरामांनी ते तोंड पाहिले. कान बंद, आता डोळ्यांची वाटही बंद.

दीक्षा मॅडमांनी स्टीलच्या पातेल्यात चिठ्ठ्या आणल्या. एकेकाने एकेक उचलायची. पियुषला ब्रेक आले आणि त्याने चिठ्ठीचे चुंबन घेतले. बळीरामांनी मनात नाम घेतले, हात घातला, चिठ्ठी उलगडली. 'क्रमांक सात: इंजिनाच्या पुढील भागातून येणाऱ्या आवाजाचे निदान.'

ते चिठ्ठी वाचत असताना मॅडमांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पटकन दुसरीकडे पाहिले.

गाडी मालवाहू छोटा टेम्पो. बळीरामांनी इंजिनाला हात लावून कपाळाला नेला, कार्ड काढले, पहिला रकाना भरला, दुसरा भरला. इंजिन सुरू केले. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पेचकस निघाला, अर्ध्या वाटेने कानाकडे आलाही. मग तो हात हवेतच थांबला. मार्चमधली चार लाल शून्ये त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी पेचकस परत खिशात, कांद्याच्या शेजारी ठेवला.

मग त्यांनी पुस्तक सांगते तसे केले. इंजिन बंद केले. पुढचा पट्टा सैल करून काढला. पुन्हा क्षणभर इंजिन सुरू केले आणि बंद केले. पट्टा काढल्यावर आवाज थांबला तर दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांत, नाही थांबला तर आतमध्ये, असा नियम. आवाज थांबला की नाही हे बळीरामांना कळले नाही. कूलरच्या घोंघाटात आणि कानाच्या अंधारात त्या बारीक आवाजाचा पत्ताच नव्हता. त्यांनी एकेक पुली बोटांनी फिरवली. पंपाची फिरली, मऊ. पट्टा ताणणारी फिरली, मऊ. अल्टरनेटरची फिरवली, आणि भाकरीच्या पिठात खडा लागावा तसे काही तरी बोटाला लागले. पुन्हा फिरवली. पुन्हा खडा. तिसऱ्यांदा, उलटी फिरवून, डोळे मिटून. खडा होताच. दोन्ही हातांत धरून हलवली तर सुईच्या नेढ्याएवढी ढिलाई होती.

चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'अल्टरनेटरचे पुढील बेअरिंग झिजले.' पाचव्यात उपाय लिहिला, बोल्ट किती जोराने कसायचा त्याचा आकडाही लिहिला. आकडे त्यांना पाठ होते. राहिला तिसरा. त्यात छापलेले होते: 'पट्टा असताना आवाज' आणि पुढे रिकामी जागा, 'पट्टा काढल्यावर आवाज' आणि पुढे रिकामी जागा.

दोन शब्द पुरेसे होते. 'होता', आणि 'थांबला'. दोष अल्टरनेटरमध्ये आहे म्हणजे आवाज थांबलाच असणार. दोन आणि दोन चार व्हावेत इतके ते पक्के होते. कोणालाही कळले नसते. उत्तर बरोबर, गुण पूर्ण, पदवी पूर्ण, सही कायम. लेखणीचे टोक कागदाला टेकले. पण तिसरा रकाना म्हणजे साक्ष, आणि जे कानाने ऐकले नाही ते ऐकले म्हणून लिहायचे? आज टेम्पोच्या कार्डावर लिहिले तर उद्या बसच्या पत्रकावर लिहिणे किती सोपे जाईल? लिहीत आलोच आहोत की गेली दोन वर्षे. हे शेवटचे वाक्य मनात उमटले तेव्हा बळीरामांनी लेखणी कागदावरून उचलली. भक्तीची पहिली पायरी श्रवण आहे आणि शेवटची आत्मनिवेदन; आपण जसे आहोत तसे देवापुढे ठेवणे. देव त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये, खर्रा चघळत बसला होता.

त्यांनी दोन्ही रिकाम्या जागांवर मिळून एकच ओळ लिहिली. 'मला ऐकू येत नाही. हाताने तपासले.'

लिहिले आणि भय वाढले. शाई होती, खोडता येत नव्हती. कार्ड परीक्षकांच्या टेबलावर गेले. परीक्षकांनी वाचले, चष्मा वर केला, मिशी हलली. बळीरामांपर्यंत काहीच आले नाही.

"जी?"

मिशी पुन्हा हलली.

"जी, सर?"

दीक्षा मॅडम अर्धे पाऊल पुढे आल्या, शब्द सांगायला. बळीरामांनी हाताने त्यांना थांबवले. त्यांचा आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला.

"सर, मले कमी ऐकू येते. तीन वर्षांच्या वर झालं. बारीक आवाज तं येतच नाई. माणसाचे ओठ पाहून काम चालवतो. पण तुमच्या तोंडात खर्रा आहे, म्हणून ओठबी वाचता येऊन नाई राहिले."

हातातले पाने थांबले. पियुष ब्रेकची नळी तशीच धरून वळला. परीक्षक खुर्ची सरकवून उठले, शेडबाहेर गेले, थुंकले, नळावर चूळ भरली आणि मिशी पुसत आत आले. येता येता त्यांनी एक कूलर बंद केला. पलीकडे जाऊन दुसराही बंद केला. त्या अकस्मात शांततेत पत्रा उन्हाने तडतडताना इतरांना ऐकू आला. परीक्षकांनी खुर्ची उचलून प्रकाशाकडे ठेवली, बळीरामांच्या अगदी समोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आता दिसतं का मी काय बोलतो?"

"हो जी."

"आवाज ऐकला नाही. मग दोष कसा सापडला?"

बळीरामांनी सांगितले. पट्टा, पुली, पिठातला खडा, नेढ्याएवढी ढिलाई. परीक्षकांनी उठून स्वतः पुली फिरवून पाहिली.

"हात चुकला तर?"

"चुकू शकते. म्हणून तीनदा फिरवली."

प्रश्न चालूच राहिले; मिनिटामागून मिनिट गेले. मे महिन्याच्या नागपुरात, पत्र्याखाली, कूलर बंद. मॅडमांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, मुले जॉब कार्डांनी वारा घेत होती, आणि तोंडातून कोणी तक्रार काढत नव्हते. शेवटी पियुष समोर येऊन, ओठ नीट हलवून म्हणाला, "काकाजी, उत्तरं जराशी लहान द्या जी. आम्ही भजे होऊन राहिलो." सगळे हसले. परीक्षकही हसले, आणि लगेच गंभीर झाले.

"शेवटचा प्रश्न. उद्या तुमच्यासमोर बस येईल. पन्नास माणसं बसायची आहेत. दोष असा आहे की हाताला कळत नाही, फक्त ऐकू येतो. काय कराल?"

बळीरामांनी खिशातल्या पेचकसावर हात ठेवला.

"दुसऱ्याचा कान मागीन, सर. आणि पत्रकावर त्याचं नाव लिहीन. मी ऐकलं असं नाई लिहिणार."

"आजपर्यंत लिहिलं?"

"लिहिलं, सर."

परीक्षकांनी मान खाली घातली, कार्डावर काही तरी लिहिले. मग पुन्हा वर पाहून, ओठ दिसतील असे म्हणाले, "तिसऱ्या रकान्याचे गुण देता येणार नाहीत. नियम आहे."

"हो जी."

"बाकीचं पाहू." एवढे बोलून त्यांनी दोन्ही कूलर सुरू केले.

निकालाला पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत बळीरामांनी निकालाची वाट न पाहता मालकांना सांगितले. मालक टेबलावरचा काचगोळा फिरवत म्हणाले, "निकाल येऊ द्या." या वाक्याचा अर्थ हो की नाही, हे ओठांवरून वाचता येत नव्हते. मिनलने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, उरलेले जपा. गेलेले परत येणार नाही. बळीराम रोज वर्कशॉपला जात, गाड्यांना हात लावून कपाळाला नेत, आणि कोणत्याही कागदावर सही करीत नसत. एकादशीला ते दुसऱ्या रांगेतून उठले आणि मृदंगाच्या समोर जाऊन उभे राहिले, गोविंदाच्या हातांवर नजर लावून. गोविंदाने काही विचारले नाही. त्याने थाप थोडी उंचावरून मारायला सुरुवात केली, दिसावी म्हणून.

निकाल लागला तेव्हा पियुषनेच मोबाइलवर पाहून फोटो पाठवला. बळीराम निखारे उत्तीर्ण होते, द्वितीय श्रेणीत. शोभाताईंनी देवापुढे साखर ठेवली. बळीरामांनी तो फोटो घेतला आणि मालकांच्या खोलीत गेले. सोबत तपासणी-पत्रकाचा एक कोरा कागद होता. सहीच्या जागेच्या वर त्यांनी पट्टीने आणखी एक रेघ ओढून आणली होती आणि तिच्या आधी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'आवाज ऐकणाऱ्याचे नाव'.

मालकांनी रेघ पाहिली, बळीरामांकडे पाहिले. "ही रेघ भरली नाई तं?"

"तं गाडी फाटकातून जाणार नाई."

"असंच छापून घ्या," मालक म्हणाले.

एक जुलैची पहिली गाडी गोविंदाचीच होती. पहिल्या पाळीची माणसे नाक्यावर उभी होती. बळीरामांनी इंजिनाला हात लावला, कपाळाला नेला, आकडे घेतले, एकेक रकाना भरला. मग खिशातला पेचकस काढून त्यांनी तो गोविंदाच्या हाती दिला.

"तू ऐक गा. तुझी बस आहे. रोजच्यापेक्षा काही वेगळं येते का, सांग."

गोविंदाने मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. बळीरामांनी इंजिनावर तळहात पसरला आणि नजर मित्राच्या तोंडावर ठेवली. त्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली असती तरी त्यांनी गाडी थांबवली असती.

"साफ आहे," गोविंदा म्हणाला.

"आणखी एकदा ऐक."

"अबे, भजनातबी इतके फेरे नाई घेत आपण."

"ऐक गा."

गोविंदाने पुन्हा डोळे मिटले, या वेळी जास्त वेळ. मग समोर येऊन, ओठ नीट दिसतील असे त्याने सावकाश सांगितले, "साफ. आहे."

बळीरामांनी आधी गोविंदाचे नाव लिहिले, मग त्याखाली स्वतःची सही केली. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली, तरी ते तळहात उघडा ठेवून तिथेच उभे होते. इंजिनाची थरथर हातातून पूर्ण ओसरेपर्यंत.